माश्या मारणं नव्हे, माश्या बांधणं!

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

‘माश्या मारत बसणं’ हा आपल्याकडे रिकामटेकडेपणाचा पुरावा समजला जातो. माझा छंद मात्र माश्या मारण्याचा नाही, माश्या बांधण्याचा आहे. नोकरीच्या निमित्ताने काही वर्षं अमेरिकेत, पेनसिल्व्हेनियात राहणं झालं, तेव्हा तो लागला आणि इथे परतल्यावरही सुटला नाही. छंद काय, असं कुणी विचारलं आणि मी खरं उत्तर दिलं, की समोरचा माणूस आधी हसतो आणि मग विचारतो, ‘म्हणजे नक्की काय करता?’ या प्रश्नाचं उत्तर आज जरा सविस्तर द्यायचं आहे.

जेमतेम एक सेंटिमीटर लांबीचा, केसासारख्या बारीक तारेचा एक गळ. त्यावर रेशमासारखा धागा गुंडाळायचा आणि त्या धाग्याच्या वेढ्यांत पिसं, केस, मोरपिसाचा एखादा तंतू पकडून एक किडा उभा करायचा. शिवण नाही आणि डिंकही जवळजवळ नाही. जे काही गळावर टिकतं ते धाग्याच्या ताणावर. म्हणून या कामाला ‘बांधणं’ म्हणतात. पाण्यात न बुडता वर तरंगत राहणारी जी माशी, तिला ‘ड्राय फ्लाय’, म्हणजे कोरडी माशी म्हणतात. हिच्याशी गाठ असते ती ट्राउट माशाची.

ट्राउट हा थंड, स्वच्छ, वाहत्या पाण्यातला मासा. आपल्या महाराष्ट्रातल्या नद्या त्याला उबदार पडतात. मूळचा युरोपातला तपकिरी ट्राउट इंग्रजांनी १९०० च्या सुमारास काश्मीरमध्ये आणला. हिमाचलातल्या नद्यांत आणि निलगिरीच्या थंड ओढ्यांतही त्यांनी ट्राउट सोडले. हा मासा अन्नाच्या मागे फारसा धावत नाही. प्रवाहाच्या वरच्या अंगाला तोंड करून तो एका जागी तरंगत राहतो आणि पाण्याबरोबर वाहत येणारे किडे टिपतो. धावपळ केली तर मिळवलेल्या घासापेक्षा खर्च झालेली शक्ती जास्त होईल, हा त्याचा साधा हिशेब.

या किड्यांमधला महत्त्वाचा म्हणजे मेफ्लाय. त्याचं आयुष्य मोठं विलक्षण आहे. नदीच्या तळाशी दगडाखाली, शेवाळात किंवा गाळात तो अळीसारख्या अवस्थेत बराच काळ काढतो. काही जातींत हा काळ वर्षाचा, काहींत दोन वर्षांचा. मग एके दिवशी तो पृष्ठभागावर येतो, पाठीवरची कात फाटते आणि आतून पंखवाला किडा बाहेर पडतो. पंख वाळेपर्यंत त्याला पाण्यावरच बसून राहावं लागतं. दोन पंख उभे मिटलेले, शिडाच्या छोट्या होडीसारखा तो वाहत जातो. ट्राउटच्या दृष्टीने हा ताटात आयता वाढलेला घास. यातून जो वाचतो तो काठावरच्या झाडावर जाऊन आणखी एकदा कात टाकतो. पंख फुटल्यावर पुन्हा कात टाकणारा कीटक मेफ्लायशिवाय दुसरा नाही. त्यानंतर त्याला खाता येत नाही, कारण तोंड निकामी झालेलं असतं. जोडी जमवायची, पाण्यावर अंडी घालायची आणि पंख पसरून मरून पडायचं, एवढंच उरतं. कोरडी माशी बांधणारा नक्कल करतो ती मुख्यतः या पाण्यावर बसलेल्या काही मिनिटांची.

आता प्रश्न असा, की लोखंडी गळ पाण्यावर तरंगतो कसा? उत्तर शाळेत शिकलेल्या पृष्ठताणात आहे. पाण्याच्या वरच्या थराला ताणलेल्या पडद्यासारखा गुण असतो. डबक्यावर लांब पायांचा किडा सुर्रकन पळतो तो याच पडद्यावर. गळ एकटा टाकला तर तो पडदा फोडून तळाला जाईल. पण त्याच्याभोवती ताठ, न भिजणारे शंभरभर तंतू चहूबाजूंनी उभे केले तर वजन अनेक टोकांवर विभागलं जातं आणि माशी तरंगते. हे तंतू येतात कोंबड्याच्या मानेच्या पिसातून. या पिसाला ‘हॅकल’ म्हणतात. कोंबडीचं पीस इथे चालत नाही, ते मऊ असतं आणि पाणी शोषतं. प्रौढ कोंबड्याचं लांब, अरुंद, चकचकीत पीसच हवं.

बांधणी कशी होते ते थोडक्यात सांगतो. टेबलाच्या कडेला लावलेल्या छोट्या व्हाइसच्या जबड्यात गळ आडवा पकडायचा. सुईला असतं तसं गळाला एक नेढं असतं. त्याच्या मागून मेण लावलेला धागा गुंडाळायला सुरुवात करायची. पुढच्या भागात बदकाच्या पिसाचे दोन झुपके उभे बांधायचे, ते झाले पंख. मागच्या टोकाला कोंबड्याच्या पिसाचे चार-पाच ताठ तंतू बांधायचे, ती शेपटी.

मग अंग. काही माश्यांचं अंग सशाच्या किंवा तत्सम प्राण्याच्या मऊ केसांचं करतात. केस धाग्यावर ठेवून बोटांनी वळायचे, आपल्याकडे समईची वात वळतात तसे. मला आवडतं ते मोरपिसाचं अंग. मोरपिसाच्या डोळ्यापाशी जो तंतू असतो, त्यावरची लव खोडरबराने घासून काढली की आतला चपटा देठ दिसतो. त्याची एक कड गडद, दुसरी फिकट. तो गळावर शेजारी शेजारी गुंडाळत गेलं की गडद-फिकट वलयं उमटतात, हुबेहूब किड्याच्या पोटावर असतात तशी. रंगाचा ब्रश न लावता मिळालेली ही नक्षी पाहून अजूनही मला बरं वाटतं.

शेवटी हॅकल. पिसाचं टोक चिमट्यात धरून पंखांच्या मागे-पुढे चार-सहा वेढे द्यायचे. देठ गळाभोवती फिरतो आणि तंतू बाटली धुवायच्या ब्रशसारखे काटकोनात उभे राहतात. त्यांची लांबी गळाच्या आकड्याच्या रुंदीच्या साधारण दीडपट हवी. लांब झाले तर माशी कलंडते, आखूड झाले तर बुडते. नेढ्यामागे गाठ मारायची, तीवर लॅकरचा किंवा पारदर्शक नेलपॉलिशचा एक थेंब सोडायचा, की माशी तयार. सराईत हाताला दहा-पंधरा मिनिटं लागतात. नवशिक्याचा सारा दिवस जातो, आणि बहुतेक वेळा वेढे जास्त होऊन शेवटी गाठीला जागाच उरत नाही.

या कलेला शिस्त लावली ती इंग्लंडमध्ये. दक्षिण इंग्लंडच्या हॅम्पशायर परगण्यात टेस्ट आणि इचेन या नद्या आहेत. त्यांना ‘चॉक’ नद्या म्हणतात, कारण त्यांचं पाणी खडूच्या खडकातून झिरपून झऱ्यांनी वर येतं. त्यामुळे ते अतिशय नितळ असतं, बाराही महिने त्याचं तापमान फारसं बदलत नाही, आणि त्यात पाणवनस्पती व कीटक भरपूर. जगातल्या बहुतेक चॉक नद्या इंग्लंडमध्येच आहेत. या नितळ पाण्यात मासा माणसाला दिसतो, तसा माणूसही माशाला दिसतो. इथे ओबडधोबड नक्कल खपत नाही.

फ्रेडरिक हॅलफर्ड नावाच्या गृहस्थांनी जॉर्ज सेल्विन मॅरियट यांच्या मदतीने या नद्यांवरच्या किड्यांचा बारकाईने अभ्यास केला आणि १८८६ मध्ये तरंगत्या माश्या कशा बांधाव्यात यावर पुस्तक लिहिलं. त्यांचं म्हणणं होतं, की पाण्यावर आज जो किडा आहे त्याचा आकार, रंग, छटा सारं तंतोतंत उतरलं पाहिजे. पुढे त्यांच्या अनुयायांनी याचा जणू धर्मच केला. वर येऊन किडा टिपणारा मासा आधी डोळ्यांनी पाहायचा, मगच त्याच्या वरच्या अंगाला कोरडी माशी टाकायची, पाण्याखालून काही करायचं नाही. जी. ई. एम. स्क्यूज नावाच्या वकिलाने याला विरोध केला. ट्राउटचं बरंचसं खाणं पाण्याखालीच चालतं, हे त्याने माशाच्या पोटातले किडे तपासून दाखवलं. हा वाद इतका वाढला की १९३८ मध्ये लंडनच्या फ्लायफिशर्स क्लबात त्यावर रीतसर सभा झाली!

अटलांटिकच्या पलीकडे थिओडोर गॉर्डन नावाचा एक एकांतप्रिय माणूस न्यूयॉर्क राज्यातल्या कॅट्सकिल डोंगरांत राहत होता. हॅलफर्ड यांनी १८९० मध्ये त्याला आपल्या माश्यांचा संच पाठवला. गॉर्डनने तो पाहिला आणि ओळखलं, की आपले किडे वेगळे आहेत आणि आपल्या नद्याही खळाळत्या आहेत. त्याने ताठ हॅकलच्या, सडपातळ, उंच तरंगणाऱ्या माश्या बांधायला सुरुवात केली. मघाशी सांगितलेलं मोरपिसाचं अंग ज्या ‘क्विल गॉर्डन’ माशीला असतं, ती याच माणसाच्या नावाची.

पण हॅलफर्ड काय आणि त्यांचे अनुयायी काय, माशी बघत होते ती वरून. बांधणारा टेबलावरच्या माशीकडे वरून किंवा बाजूने पाहतो आणि म्हणतो, वा, काय हुबेहूब झाली आहे! मासा मात्र ती खालून पाहतो. आणि खालून जग फार वेगळं दिसतं.

ज्यांनी लहानपणी विहिरीत बुडी मारून वर पाहिलं असेल, त्यांना आठवेल. डोक्यावर प्रकाशाचं एक गोल भोक दिसतं आणि त्याच्या भोवतीचं पाणी आरशासारखं चमकतं. प्रकाशाच्या अपवर्तनामुळे असं होतं. पाण्यावरचं सगळं जग, अगदी दोन्ही क्षितिजांसकट, सुमारे ९७ अंशांच्या एका शंकूत दाटून येतं. त्या खिडकीबाहेर पृष्ठभाग आरसा होतो आणि त्यात नदीचा तळ दिसतो. मासा ३० सेंटिमीटर खोल असेल तर ही खिडकी साधारण ६८ सेंटिमीटर व्यासाची. मासा जसा वर येईल तशी ती लहान होत जाते.

आता कल्पना करा, वरून एक माशी वाहत येते आहे. ती अजून आरशाच्या भागात आहे, तोवर माशाला तिचं अंग दिसत नाही. दिसतात ते फक्त तिच्या पायांनी पाण्याच्या पडद्याला पाडलेले खळगे, प्रकाशाच्या ठिणग्यांसारखे. माशी जवळ आली की खिडकीच्या कडेला आधी तिच्या पंखांची टोकं दिसतात, अंगापासून सुटी, अधांतरी तरंगणारी. मग हळूहळू दोन्ही जुळतात. तेव्हाही ती उजेडाच्या विरुद्ध असल्याने रंगापेक्षा आकारच जास्त कळतो. म्हणजे ज्या अंगाच्या छटेवर बांधणाऱ्याने तासभर घालवला, तिच्याआधी माशाने हॅकलच्या टोकांनी पडलेले खळगे वाचलेले असतात. माशी बांधण्यातली खरी मेख इथे आहे. आपल्याला काय सुंदर दिसतं हे विसरून, ज्याच्यासाठी ती बांधायची त्याच्या डोळ्यांनी पाहायला शिकणं.

हे ज्यांनी नेटाने केलं त्यांत व्हिन्सेंट मॅरिनारो यांचं नाव मोठं. पेनसिल्व्हेनियातल्या कार्लाइल गावाजवळ लेटॉर्ट नावाचा झऱ्याच्या पाण्याचा ओढा आहे. तिथे उन्हाळ्यात मासे सारखे वर येऊन काहीतरी टिपत, पण पाण्यावर किडा एकही दिसत नसे. नेहमीच्या माश्यांना तर ते तोंडही लावत नसत. मॅरिनारो यांनी पाण्याला नजर टेकवून पाहिलं, तेव्हा कळलं की पृष्ठभागावर अगदी बारीक किडे चिकटून वाहत आहेत. काठच्या गवतातून पडलेल्या मुंग्या, बारीक भुंगेरे आणि तुडतुडे. आपल्या कापूस उत्पादकांना वेगळं सांगायला नको, तेच ते पानावरून टुणकन उडणारे तुडतुड्यांच्या कुळातले किडे. इंग्रजीत त्यांना ‘जॅसिड’ म्हणतात.

चार-पाच मिलिमीटरच्या या चपट्या किड्याला उभे पंख बांधून उपयोग नव्हता. मॅरिनारो यांनी विचार खालून केला. माशाला दिसणार ती फक्त एक छोटी, अपारदर्शक, लांबट सावली. मग त्यांनी बारीक गळावर धागा गुंडाळला, थोडं हॅकल दिलं, ते वरून-खालून कापून टाकलं आणि पाठीवर एकच पीस चपटं बसवलं. ती माशी ‘जॅसिड’ या नावाने प्रसिद्ध झाली. त्यांचं या विषयावरचं पुस्तक १९५० मध्ये निघालं आणि कोरड्या माशीचा विचारच पालटला.

पाठीवरचं ते एकच पीस कुणाचं होतं, ठाऊक आहे? आपल्या सह्याद्रीतल्या राखी रानकोंबड्याचं! महाबळेश्वर, कोयना, चांदोलीच्या जंगलांत पहाटे ज्याची बांग ऐकू येते, तोच. या कोंबड्याच्या मानेवरच्या पिसांच्या टोकाला मेणासारखा, मिना केल्यासारखा एक कडक पिवळट-पांढरा ठिपका असतो. हा पक्षी मूळचा भारताच्या पश्चिम व दक्षिण भागांतला. पेनसिल्व्हेनियातल्या ओढ्यावरचा तुडतुडा सह्याद्रीच्या पिसाने उभा राहिला, हे प्रथम वाचलं तेव्हा मला अभिमान वाटला.

पण त्या अभिमानाला दुसरी बाजू आहे. जॅसिडमध्ये हे पीस नंतर आलं. सॅमन माशासाठी बांधायच्या भपकेबाज माश्यांत ते एकोणिसाव्या शतकापासून वापरात होतं. त्यापायी हा पक्षी मोठ्या प्रमाणावर मारला गेला आणि त्याच्या मानेची कातडी परदेशी गेली. साठच्या दशकाच्या अखेरीस आपल्या सरकारने निर्यात बंद केली आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला संरक्षणही मिळालं. आज परदेशात बाजारात येतात ती पिसं मुख्यतः तिथे पाळून वाढवलेल्या पक्ष्यांची, आणि ती महाग असतात. मी स्वतः जॅसिड बांधतो ती पाठीवर काळ्या रंगवलेल्या साध्या पिसाचा तुकडा ठेवून. खालून पाहणाऱ्या माशाला सावली हवी असते, मिन्याचा ठिपका आपल्यालाच हवा असतो.

साध्या हॅकलची गोष्ट अशीच. पूर्वी माश्या बांधणारे भारत आणि चीनमधून येणाऱ्या गावठी कोंबड्यांच्या मानेवर अवलंबून असत. आज अमेरिकेत केवळ पिसांसाठी निवडपद्धतीने पैदास केलेले कोंबडे आहेत. त्यांची पिसं इतकी लांब असतात की एकाच पिसात अनेक माश्या होतात. २०११ मध्ये केसांत लांब पिसं माळायची लाट अमेरिकेत आली. केशभूषावाल्यांनी हॅकलची दुकानंच्या दुकानं रिकामी केली आणि नदीवर जाणारे लोक हात चोळत बसले!

पीस जपता येतं, पैदा करता येतं. पण ज्याची नक्कल करायची तो किडाच नाहीसा झाला तर? इंग्लंडमधल्या केनेट या चॉक नदीवर ही वेळ येऊन गेली. तिथे मासेमारीचे हौशी लोक दर महिन्याला नदीत उतरून तीन मिनिटं तळ पायाने ढवळतात, जाळीत आलेले किडे गटांनुसार मोजतात आणि पुन्हा पाण्यात सोडतात. असे स्वयंसेवक ब्रिटनमध्ये अनेक नद्यांवर आहेत. २०१३ च्या जुलैच्या सुरुवातीला मार्लबरो गावाजवळ जाळी वर आली ती मेलेल्या किड्यांची. तपासात कारण निघालं क्लोरपायरिफॉस. आपल्या शेतकऱ्यांना हे कीटकनाशक चांगलंच परिचयाचं आहे. सांडपाणी केंद्रातून ते नदीत आलं होतं. सुमारे पंधरा किलोमीटर पात्रातले गोड्या पाण्यातले झिंगे आणि माश्यांच्या अळ्या त्याने मारून टाकल्या.

लक्षात घ्या, मासे मेले नव्हते. पाणी तसंच नितळ दिसत होतं. काठावरून फिरायला जाणाऱ्या कुणाला काही कळलं नसतं. कळलं ते वाकून तळ पाहणाऱ्यांना. मेफ्लायची अंडी तळाशी असतात. बारीक गाळ साचला, शेतातलं खत आणि सांडपाण्यातलं फॉस्फेट वाढलं, तरी ती जगत नाहीत. मासा हे नदीच्या आरोग्याचं उशिरा कळणारं लक्षण आहे, किडा हे लवकर कळणारं. म्हणूनच मी म्हणतो, माश्या बांधणं हा दिसायला रिकामटेकडा उद्योग असला, तरी तो माणसाला नदीच्या तळाशी नेऊन पोचवतो.

यासाठी ट्राउट असण्याची किंवा गळ टाकण्याची मुळीच गरज नाही. मेफ्लाय आपल्याकडेही आहेत. पावसाळा सरल्यावर सह्याद्रीतल्या एखाद्या वाहत्या ओढ्याकाठी जाल तेव्हा पाण्यातला तळहाताएवढा दगड अलगद उचलून उलटा करा. त्याला चिकटून चपटं अंग, बहुधा तीन बारीक शेपट्या आणि पोटाच्या दोन्ही बाजूंना हलणारे कल्ले असलेला किडा दिसला, तर समजा की तीच मेफ्लायची अळी आणि त्या पाण्यात अजून जीव आहे. मुलं बरोबर असतील तर त्यांनाही दाखवा. आणि पाहून झालं की दगड होता तसाच, त्याच बाजूने, जागेवर ठेवा.